काचेच्या भवनासमोर

अंबाजोगाईत आर्किटेक्टची पाटी लावल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो: बांधायचं कशासाठी? लोक सरळ उत्तरं देतात. भावकीत वाटणी झाली, खाली दुकान काढायचंय, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. मालनबाई तांदळे समोरच्या खुर्चीत बसल्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "एका मानसाची जिरवायची हाय."

मी पेन्सिल खाली ठेवली. जिरवण्याचा नकाशा मी त्याआधी कधी काढला नव्हता.

"बाई, सोसायटीला हॉल बांधायचाय असा निरोप होता," मी म्हणालो.

"हॉलच बांधायचाय. त्यानंच जिरनार हाय. उद्या दुपारी गावाला या. उनात या. सकाळच्या पारी आला तर मी भेटनार न्हाई."

धर्मापुरीच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथल्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन. पन्नाशी ओलांडलेली, उंच, रापलेल्या रंगाची बाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेती आणि म्हशी एकटीनं सांभाळलेल्या. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली म्हैस मान वर करायची. चालताना त्या कधी बाजूला व्हायच्या नाहीत, समोरच्यानं व्हायचं. गावातले पुरुष त्यांना भीत होते आणि ते कबूलही करायचे.

दुष्काळाचं वर्ष होतं. माळावर चारा छावणी पडलेली, चौकात टँकरला भांड्यांची रांग. मी भर वैशाखात, सांगितलेल्या वेळी पोचलो. बाईंनी मला त्यांची जागा दाखवलीच नाही. रस्त्यापलीकडच्या सांस्कृतिक भवनात नेलं. साखर कारखान्याचे चेअरमन भाऊसाहेब यांनी वडिलांच्या नावानं बांधलेलं ते भवन. पश्चिमेकडचं अख्खं तोंड निळ्या काचेचं, वर पत्रा, पत्र्याखाली पांढरं छत, भिंतीवर एसीची खोकी. एसी चालण्याइतकी वीज त्या गावात कधी आलीच नव्हती. भवनाचा वॉचमन बाईंच्या संस्थेला दूध घालायचा, त्यामुळे किल्लीचा प्रश्न नव्हता. बाईंनी मला मधोमध खुर्ची दिली, दारं लावून घेतली आणि समोर ताठ बसल्या.

थोड्या वेळानं माझा शर्ट पाठीला चिकटला. मग कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. मी उठायला लागलो.

"बसा की," बाई म्हणाल्या. "अजून लगीन लागायचंय."

आणि मग तिथंच, त्या भट्टीत, त्यांनी सांगितलं. आदल्या वैशाखात त्यांच्या मुलीचं, रेखाचं, लग्न याच भवनात होतं. वीज गेली. जनरेटर लावा म्हणून माणूस पळाला, तर जनरेटर नव्हता. भाऊसाहेबांनी तो सकाळीच कारखान्यावरच्या आपल्या सभेला नेलेला. काचेतून ऊन आत, वरून पत्रा तापलेला आणि शेकडो माणसं. अक्षता पडल्या न पडल्या तोच नवऱ्या मुलाचे आजोबा खुर्चीतून खाली घसरले. दवाखाना गाठेपर्यंत संपले होते.

"म्हातारं गेलं त्याचं मला दुःख हायच," बाई म्हणाल्या. "पन दहाव्याला काचवाला सोयऱ्यांकडं बसायला गेलता. त्याला कुनीतरी इचारलं, भाऊसाहेब, तुमच्या हॉलात असं कसं झालं? तर काय म्हनावं त्यानं? हॉलात मस लग्नं झाली, कवा कुनाला काई झालं न्हाई. आता पोरीचा पायगुनच तसा, त्याला आपन काय करनार?"

भाऊसाहेबांचं नाव त्या घेत नसत. मागे कायम काचवाला.

कारखान्याच्या चेअरमनच्या तोंडून निघालेलं वाक्य. रेखाच्या सासरच्यांना तेवढंच हवं होतं की काय कोण जाणे. पंधरवडा व्हायच्या आत रेखाला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा कुणी न्यायला आलं नाही. गावात ती पांढऱ्या पायाची झाली. बायका हळदीकुंकवाला घरोघर सांगायच्या आणि हिचं दार ओलांडून पुढं जायच्या. बारशाला गेली तर पाळण्यावर पदर टाकायच्या. जनरेटर नेणारा माणूस मात्र प्रत्येक लग्नात पुढच्या सोफ्यावर बसून फेटा बांधून घेत होता.

"माझ्या पोरीच्या पायानं मानूस मेला का याच्या पत्र्यानं मेला, ते मला समद्या तालुक्याला दाखवायचंय," बाई म्हणाल्या. "आन त्याच्या तोंडून वदवून घ्यायचंय. आता चला, तुमी लाल झाला."

सूड वाईट, माणसानं माफ करावं, असं पुष्कळ भले लोक सांगतात. त्यांना मी त्या खुर्चीत बसवायला तयार आहे. मला त्या दिवशी बाहेर आल्यावर भाऊसाहेबांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असं मला वाटतही नाही. काम मी तिथंच पत्करलं.

मालनबाईंबरोबर काम करणं म्हणजे मात्र रोजचा तंटा. इमारतीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता, आणि त्यातलं निम्मं त्यांना कळत नव्हतं. खिडकी म्हटली की मोठी हवी, भिंत म्हटली की पातळ हवी, म्हणजे जागा वाचते. मी मोठ्या खिडक्या खोडल्या की त्या माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायच्या. पण एका बाबतीत त्या अडून बसल्या आणि तिथं मला माझा पहिला नकाशा फाडावा लागला. बांधकामावर टँकरचं पाणी मारायचं नाही. "छावनीत जनावरं जीभ काढून हायत आन मी सिमिटाला पानी पाजू? काचवाला म्हनंल, बघा, बाईनं गावाचं पानी भितीला घातलं."

पाणी नाही म्हणजे काँक्रीट शक्य तेवढं कमी. मग मीही चवताळलो आणि आमच्याच भागातली जुनी घरं जशी उभी राहिली तसं सगळं काढलं. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, दगडांमधल्या दर्जा भरायला माती. पश्चिमेला एकही खिडकी नाही. उत्तरेकडून वारा यायला विटांची जाळी, आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताला लागून झरोके. चारी बाजूंनी खोल ओसरी, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोचूच नये. छत माळवदाचं, पण जुन्यापेक्षा हलकं: खाली लोखंडी तुळया आणि फरशी, तिच्यावर कुंभाराकडची उपडी मडकी ओळीनं आणि वरून खारी माती चोपलेली. मडक्यातली कोंडलेली हवा उन्हाला खाली येऊ देत नाही. गच्चीच्या कडेला मोजके सोलर पत्रे, पंखे आणि दिवे चालतील एवढेच. एसीला जागाच ठेवली नाही. पुढं बसायला मोठा पार, कारण आमच्याकडचं लग्न मांडवात लागतं खरं, पण ठरतं, बिघडतं आणि मिटतं ते पारावर.

संडास कुठं घ्यायचे यावर आमचं सर्वांत मोठं भांडण झालं. बाईंनी नकाशा बघितला आणि बोट पूर्वेच्या टोकावर ठेवलं. "हितं. त्याच्या भवनाच्या तोंडावर."

"बाई, संडास कुठं घ्यायचे हे वाऱ्यावर ठरतं. रागावर नाही."

"मग वारं कुनीकडून येतं?"

"उन्हाळ्यात पश्चिमेकडून."

"आन जातं कुनीकडं?"

मी नकाशाकडे बघितलं. आमच्या पूर्वेला रस्ता आणि रस्त्यापलीकडे भाऊसाहेबांचं भवन. शास्त्र आणि सूड एकाच दिशेला बोट दाखवत होते. मी गुपचूप रेघ मारली. बाई त्या दिवशी मला जेवायला घालून मगच सोडायला तयार झाल्या.

भाऊसाहेबही स्वस्थ बसले नव्हते. दगडाच्या खाणवाल्याला त्यांनी दम दिला. संस्थेची चौकशी लावली, ती आली तशी गेली. शेवटी त्यांच्या माणसांनी बाजारात उठवलं की बाईचं मातीचं छत पहिल्याच लग्नात बसणार आणि वऱ्हाड गाडलं जाणार. हे मात्र लागलं. लोक बिचकले. ज्यांच्या घरी पायगुणाची पोरगी आहे त्यांच्या छताचा भरवसा कसा धरायचा, असंही बायका बोलल्या.

मी बाईंना म्हणालो, मोठ्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणतो, फ्रेम करून लावू. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नागपंचमीला सगळ्या गावाला पारावर बोलावलं. मी पोचलो तर संस्थेच्या झाडून साऱ्या बायका गच्चीवर! माती चोपून नुकतीच झाली होती आणि तिच्यावर फेर धरून गाणी, फुगड्या, झिम्मा. त्या काळात माझा रक्तदाब सुरू व्हायचा होता, तो बहुधा तिथंच सुरू झाला. खाली हॉलमध्ये मधोमध खुर्ची टाकून मालनबाई एकट्या बसलेल्या, वर धपाधप पाय वाजतायत आणि बाई सुपारी कातरतायत. दारातून गाव बघतंय. भाऊसाहेबांचा पुतण्याही गर्दीत होता. त्याला बाईंनी हाक मारली, "ये की बे आत, बस. भ्यालास का?" तो आला नाही. छतातून मातीचा कणसुद्धा पडला नाही, आणि वर माती अशी बसली की आमच्या मजुरांकडून तशी कधी बसली नसती.

त्याच दिवशी रेखा मला जिन्यापाशी भेटली. संस्थेत दुधाचं फॅट काढायचं काम ती करायची. बोलायला कमी, आईच्या अगदी उलट. बायकांनी तिला वर फेरात बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, आईला वाटतंय मी त्या घरची वाट बघतेय. मला न्हाई जायचं तिथं. ते घर गेलं तर गेलं. पन बाया माझ्याकडं बघून लेकरं मागं घेतात ना, ते लई लागतं."

मी ते बाईंना सांगितलं. त्यांचा अडकित्ता थांबला. "जायचं न जायचं तिचं ती बघंल," त्या म्हणाल्या. "तेवढं लेकरं मागं घ्यायचं मी बंद करीन."

पुढच्या उन्हाळ्यात ऊसतोडीवरून टोळ्या परत आल्या आणि नेहमीसारखी लग्नसराई सुरू झाली. पहिलं लग्न बाईंनी संस्थेच्या एका सभासद बाईच्या मुलीचं लावून दिलं. ऐन दुपारी वीज गेली आणि आत कुणाच्या लक्षातही आलं नाही. जेवणं उरकल्यावर वऱ्हाडानं निघायचं, तर म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून झोपलेली. व्याही चिडून हाका मारतोय आणि कुणी उठायला तयार नाही. ही बातमी परळीपर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी लोक मुहूर्त काढायच्या आधी हॉलची तारीख विचारायला यायला लागले.

भवन ओस पडलं. कारखान्याचा रिकामा बारदाना तिथं येऊन पडला. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला मालनबाईंचा ठरलेला प्रश्न असायचा, "काचंवर धूळ केवढी हाय?" बोटभर हाय म्हटलं की त्या दिवशी चहात साखर जास्त. हा क्षुद्रपणा आहे, मला मान्य आहे. मीसुद्धा गावात शिरताना मुद्दाम तिकडून यायचो आणि धूळ जरा वाढवून सांगायचो.

एवढं होऊनही रेखाचं तसंच होतं. हॉलचं कौतुक करत बायका यायच्या, गारव्यात बसायच्या, आणि रेखा पाण्याचा जग घेऊन आली की लेकरू मांडीवर ओढून घ्यायच्या. हॉल आईचा, पायगुण पोरीचा. माणसं असा हिशेब सोयीनं करतात. मालनबाई ते बघत होत्या. त्यांना अजून ते एक वाक्य मिळालं नव्हतं.

मग भाऊसाहेबांच्या नातीचं लग्न ठरलं. मुलाकडचे लातूरकडचे तालेवार. नवऱ्या मुलाची आजी आमच्या हॉलमधल्या कुणाच्यातरी लग्नाला येऊन गेली होती. तिनं हट्ट धरला, लग्न तिथंच, त्या काचेच्या भट्टीत मी येणार नाही. भाऊसाहेबांनी आधी पुतण्याला पाठवलं, मग कारखान्याच्या सेक्रेटरीला. बाईंनी दोघांना चहा पाजून एकच निरोप दिला, ज्याचं काम त्यानं यावं.

ते आले तेव्हा मी गळक्या पन्हळीचं बघायला ओसरीत होतो. पांढरे कपडे, मागं माणसं. बाईंनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, रिवाजात कुठं उणं ठेवलं नाही.

"मालनबाई, झालं गेलं गंगेला मिळालं," भाऊसाहेब म्हणाले. "नातीचं कार्य हाय. हॉल पायजे."

"घ्या की. समद्या गावाचा हाय. जे समद्यांना भाडं तेच तुमाला. फकस्त एक करा. नातीच्या मागं करवली म्हनून कलस घेऊन माझी रेखा उभी राहील."



"करवली आमची ठरलेली हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"तिला बदला."

"असं कसं, मालनबाई? लोक काय म्हनतील? रेखाचं म्हंजे…"

"म्हंजे काय? बोला की. तिचा पायगुन वाईट हाय का? असंल तर म्हना, हाय. मी आग्रह धरत न्हाई, तुमी तुमच्या भवनात लगीन लावा. नसंल तर विषय मिटला. मग कलस धरायला काय हरकत हाय?"

भाऊसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. तालुक्यातल्या निवडणुका त्यांनी फिरवल्या होत्या, पण या दोन दारांतून निसटायला तिसरं दार त्यांना सापडेना. शेवटी ते म्हणाले, "माझ्या नातीचा यात काय दोष हाय, बाई?"

"माझ्या पोरीचा काय होता?"

ते कबूल झाले. त्यांचा डाव मला दिसत होता: न बोलता रेखाला उभी राहू द्यायची, लग्न लावून मोकळं व्हायचं. बाईंनाही दिसत असणार. त्या फक्त म्हणाल्या, "बरं."

लग्नाला मला अगत्याचं बोलावणं होतं, बाईंकडून. हॉल खच्चून भरलेला, बाहेर माळ तापून पांढरा पडलेला आणि आत अंगावर शहारा येईल असा गारवा. मामानं नवरीला ओसरीतून आत आणली. मागं रेखा, हिरव्या लुगड्यात, दोन्ही हातांनी कलश धरून, नजर समोर. मुलाकडच्या आजीनं कौतुकानं विचारलं, करवली कोण? आणि भाऊसाहेबांच्याच घरच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी आजीच्या कानाला लागलं. आजीचा चेहरा उतरला. "थांबवा," ती म्हणाली. "ती पोरगी मागं असंल तर अक्षदा पडनार न्हाईत."

अंतरपाट धरलेले भटजी तसेच राहिले. मुलाकडचे उभे राहिले. नवरी रडायला लागली. रेखानं कलश खाली ठेवला नाही. मालनबाई मागच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत, फक्त भाऊसाहेबांकडे बघत राहिल्या. त्यांचंच वाक्य त्यांच्याच मांडवात येऊन उभं होतं आणि ते मागं घ्यायला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मुहूर्त सरत चालला. व्याह्यानं चप्पल पायात घातली.

भाऊसाहेबांनी भटजींच्या पुढचा माईक उचलला.

"पाव्हनेहो, बसा," ते म्हणाले. "या पोरीच्या पायगुनाचं… ते मीच बोललतो. ते खोटं हाय. त्या दिशी भवनाचा जनरेटर मी माझ्या सभेला नेलता. आत जीव घाबरा व्हईल एवढं गरम झालतं. म्हातारा त्यानं गेला. पोरीचा काई संबंध न्हाई. माझी चूक हाय."

दगडी भिंतींमुळे तिथं आवाज कसा स्वच्छ पोचतो हे मला ठाऊक होतं. मागं पंगतीची तयारी करणारे आचारीसुद्धा झारा हातात घेऊन दारात येऊन थांबले होते. आजी खाली बसली. बायकांच्या बाजूला एकीनं मांडीवरच्या लेकराला सोडून दिलं आणि ते दुडूदुडू चालत रेखाच्या लुगड्याला जाऊन बिलगलं. ते तिनं परत ओढलं नाही.

भाऊसाहेबांनी माईक खाली ठेवला आणि रुमालानं तोंड पुसलं.

"भाऊसाहेब," मालनबाईंनी खांबापासून हाक मारली. मी त्यांना नंतरही पाहिलं असेल, पण डोळ्यांसमोर येतात त्या अशाच: हाताची घडी, पाठ ताठ, ओठांच्या कोपऱ्यात सुपारी. "मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा सांगा."

भाऊसाहेबांनी माईक पुन्हा उचलला.